शेततळ्याचा कागद निसरडा, कडेला दोर सोडलाय का?

सुट्टी लागली की शेततळ्यात मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात. 'पोहता येत नव्हतं' एवढं लिहून विषय संपतो. खरं तर चांगला पोहणारा गडीही शेततळ्यात अडकतो. घात करतो तो प्लास्टिकचा कागद.

विहिरीला कपारी असतात, पायऱ्या असतात. शेततळ्याच्या उतरत्या कडेवर ओल आणि शेवाळ धरलं की हाताला काहीच लागत नाही. वर चढायला गेलं की माणूस परत खाली घसरतो. एकाला काढायला दुसरा उतरतो, मागून आई धावते, आणि एकाच घरातली दोघं-तिघं जातात.

उपाय फार खर्चाचा नाही. जाड नायलॉनच्या दोराला हात-हातभर अंतरावर गाठी मारायच्या, वरचं टोक खांबाला पक्कं बांधायचं आणि दुसरं पाण्यात सोडायचं. असे दोर चारही बाजूंना हवेत. हवा भरलेली जुनी ट्यूब किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन दोर बांधून काठावर ठेवावा. कुंपण जाळीचंच करावं. काट्या लावल्या तर जनावर थांबेल, चार वर्षांचं पोर खालून जातं. फाटकाची कडी लेकराचा हात पुरणार नाही एवढ्या उंचीवर हवी.

त्याहून लहान मुलांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना घरातली पाण्याने भरलेली बादलीही पुरते. डोकं जड असल्याने आत तोंडघशी पडलं की उठता येत नाही. बांगलादेशात घरोघरी तळी आहेत. तिथे गावातल्याच बायका सकाळी 9 ते 1 या वेळेत, म्हणजे आया कामात असताना, पाच वर्षांखालची मुलं एका ठिकाणी सांभाळतात. या केंद्रांत येणाऱ्या मुलांचे बुडून होणारे मृत्यू 80 टक्क्यांहून जास्त घटल्याचं अभ्यासात दिसलं. आपल्याकडे अंगणवाडी आहेच. पण कांदा काढणी, कापूस वेचणीच्या दिवसांत तीन वर्षांखालचं लेकरू बांधावरच असतं. ते कोणाकडे ठेवायचं, हे आशाताई, अंगणवाडीताई आणि सरपंचांनी ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत ठरवायला हवं. त्याच बैठकीत गावातल्या उघड्या शेततळ्यांची यादीही करता येईल.

कोणी बुडताना दिसलं तर उडी मारू नका. आरडाओरड करून माणसं जमवा, दोर किंवा ट्यूब फेका, लांब बांबू पुढे करा. बाहेर काढल्यावर पोट दाबणं, उलटं टांगणं, गरगर फिरवणं हे सगळं बंद करा, त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या आणि छातीच्या मधोमध दाबत राहा, दोन्ही लागतं. दुसऱ्याने तोवर 108 लावावा. पोरगं शुद्धीवर येऊन बोलायला लागलं तरी दवाखान्यात न्याच, कारण फुप्फुसात पाणी गेलं असेल तर काही तासांनीही दम लागू शकतो.