जिवाणू की चुनखडी?

जिवाणू लहान असतात, पण किती लहान असू शकतात? आपल्या आतड्यातला ई. कोलाय साधारण २००० नॅनोमीटर लांब. पन्नास नॅनोमीटरचा जिवाणू असतो की नाही, यावर विज्ञानात चांगलीच जुंपली होती.

काडी टाकली एका भूवैज्ञानिकाने! टेक्सासच्या रॉबर्ट फोक यांना इटलीत व्हितेर्बोच्या गरम झऱ्यांतल्या दगडात इवलेइवले गोळे दिसले. हे जिवाणूच, असं त्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जाहीर केलं. जीवशास्त्रज्ञांनी नाकं मुरडली.

१९९६ मध्ये मात्र नासाच्या शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकात सापडलेल्या मंगळावरून आलेल्या उल्कापाषाणात तसलेच आकार दाखवले. थेट राष्ट्राध्यक्ष क्लिंटन त्यावर बोलले. दगडाला एवढा मान क्वचितच मिळतो.

खरी धमाल फिनलंडमध्ये. १९९८ साली कुओपिओच्या ओलावी कायांडर आणि नेव्हा चिफ्तचिओलू यांनी सांगितलं, की रक्तात नॅनोबॅक्टेरिया असतात, ते स्वतःभोवती खनिजाचं कवच बांधतात आणि मुतखड्यामागेही तेच असावेत. पुरावा? ते प्रयोगशाळेत वाढतात!

वाढतात खरे, पण स्फटिकही वाढतातच की. २००० साली अमेरिकेत जॉन सिसार यांच्या गटाने तपासलं, तर या ‘जिवाणूं’चा म्हणून दाखवलेला डीएनए प्रयोगशाळेत नेहमी घुसणाऱ्या एका भलत्याच जिवाणूशी जुळला. २००८ मध्ये तैवानमधल्या संशोधकांनी तर रक्तद्रवात चुनखडीचे कण तयार करून दाखवले. हुबेहूब तेच रूप. काही कण चक्क दुभंगताना दिसत होते!

इतक्या लहान जिवाणूची मूळ अडचण जागेची आहे. प्रथिनं बनवणारा एक रायबोसोमच वीसेक नॅनोमीटरचा. त्यात डीएनए, विकरं आणि भोवतीचं पटल, म्हणजे एवढ्याशा खोलीत अख्खं कारखान्याचं सामान. १९९८ मध्ये वॉशिंग्टनला तज्ज्ञ बसले आणि किमान व्यास २०० नॅनोमीटरच्या आसपास ठरला.

गंमत पुढेच. औषधं निर्जंतुक करायला २०० नॅनोमीटर छिद्रांची गाळणी वापरतात. २०१५ मध्ये कोलोरॅडोतल्या रायफल गावच्या भूजलात या गाळणीतून पार होणारे खरेखुरे जिवाणू सापडले. ई. कोलायच्या एका पेशीत दीडशे मावतील एवढे! रायबोसोम मोजकेच, आणि अंगावर केसांसारखे तंतू. त्यांच्या आधारे ते शेजारच्या जिवाणूंना चिकटून आपली गरज भागवत असावेत, असा संशोधकांचा कयास आहे.