वास येतो, थेंब दिसत नाही

गाडीत पेट्रोलचा वास येतो अशी तक्रार घेऊन वाशिमच्या एखाद्या जुन्या मिस्त्रीकडे गेलात, तर तो लगेच बॉनेट उघडायला धावत नाही. आधी विचारतो, "कवा येते जी वास?" सकाळी की उन्हात, टाकी भरल्यावर की अर्धी झाल्यावर, वळणावर की उभ्या गाडीत? वैतागलेलं गिऱ्हाईक "कवाबी येते" म्हणून मोकळं होतं, आणि काम तिथेच अडतं. मधूनच होणारी गळती 'कवाबी' होत नाही. तिची वेळ ठरलेली असते.

इंजिन ऑइल गळलं तर फरशीवर डाग राहतो. डिझेलची तेलकट ओल धूळ धरून बसते. पेट्रोलचे हलके घटक मात्र ३५-४० अंशांनाच उकळू लागतात, आणि मे महिन्यात वाशिमची सावलीसुद्धा त्याहून तापलेली असते. थेंब जमिनीवर पडायच्या आत उडून जातो. धावत्या गाडीत वारा वासही मागे नेतो, म्हणून समृद्धीवर तासभर काही कळत नाही आणि मालेगावजवळ खाली उतरून थांबलं की वास भपकन आत येतो. ओल दिसली तरी गळती तिथेच असेल असं नाही, कारण पेट्रोल पाइपावरून ओघळत जाऊन सगळ्यात खालच्या वाकणावर टपकतं.

माझ्या जुन्या गाडीची गोष्ट अशीच. रामनवमीला पोहरादेवीला निघताना टाकी फुल्ल केली. मागे घरची मंडळी, डिकीत शिदोरी. मंगरूळपीरपर्यंत सगळ्यांचं डोकं दुखलं आणि पुढे वास आपोआप गेला. एका गॅरेजने फिल्टर बदलला, दुसऱ्याने इंजेक्टर साफ केले. दोन्हीकडे गाडी पोचली ती अर्ध्या टाकीवर, म्हणजे गळती हजर नसतानाच! तिसऱ्या मिस्त्रीने तपासायच्या आधी मला टाकी भरून आणायला पाठवलं. मग मागची सीट उचलली, खालचं झाकण काढलं. टाकीच्या माथ्यावर पंप बसतो तिथली रबरी रिंग चपटी होऊन कडक झाली होती. काठोकाठ भरलेलं पेट्रोल वळणावर हिंदकळून तिथून झिरपत होतं. माझी त्यातल्या त्यात सोय झाली, कारण काही गाड्यांत तिथे पोचायला अख्खी टाकीच खाली उतरवावी लागते.

सकाळच्या वासाचा तपास वेगळा. थंडीत जुनं रबर आक्रसतं, इंजेक्टरच्या बुडाशी ओल येते, इंजिन तापलं की रबर फुगून फट बुजते. अशा वेळी गाडी रात्रभर गॅरेजातच ठेवून घेतात. पहाटे एक जण नुसती चाबी फिरवतो. पंप दोनेक सेकंद चालून पाइपात तीन-चार बारचा दाब भरतो, आणि तेवढ्यात दुसऱ्याने टॉर्च धरून पाहायचं असतं. जोडांवर आधी खडूची भुकटी लावलेली असली तर ओल चटकन दिसते. आगकाडी किंवा लायटर मात्र कधीच नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती गाडीखालच्या खड्ड्यात साचून राहते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते.

२०२३च्या फेब्रुवारीत २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं, तेव्हापासून प्रत्येक गळतीचं खापर त्याच्यावर फुटतं. जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं, हे खरं. पण उंदराने कुरतडलेला पाइप आणि ढिली क्लिप हे त्याच्याही आधीचे गुन्हेगार, आणि ते आजही कामावर आहेत.

काही 'गळती' तर आपणच पंपावर विकत घेतो. नोझल आपोआप कट झाल्यावरही आपल्याला राउंड फिगर हवी असते. जमिनीखालच्या टाकीतलं गार पेट्रोल गाडीत येतं, मग गाडी दुपारभर कचेरीसमोर उन्हात उभी राहते. ३५ लिटर पेट्रोल १५ अंशांनी तापलं तर जवळजवळ अर्धा लिटर फुगतं. त्याला जागा लागते. वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात ते शिरतं, डबा भिजतो आणि मग चार दिवस वास येत राहतो. मिस्त्रीला त्यात बदलण्यासारखं काही सापडत नाही. तो हात पुसतो आणि एवढंच विचारतो, "कट झाल्यावर किती रुपयाचं टाकलं होतं?"