लाकडावर चालणाऱ्या जुन्या बाष्पकाचे तेलावर रूपांतर

दादरा व नगर हवेलीचा सुमारे चाळीस टक्के भूभाग वनाच्छादित आहे. मसाट, पिपरिया, खडोली येथील औद्योगिक वसाहती आणि सिल्वासालगतचे डोकमर्डी याच प्रदेशात वसलेले आहेत. अशा ठिकाणी बाष्पकाखाली लाकूड जाळण्याचा मोह स्वाभाविक असला, तरी तो वनांस परवडणारा नाही. लाकडाऐवजी तेल वापरण्याचा विचार त्यामुळेच पुढे येतो. मात्र शेगडीच्या जागी बर्नर बसविला की रूपांतर झाले, ही समजूत धोक्याची आहे.

हवेत वाळलेल्या एक किलो लाकडापासून सुमारे ३,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते, तर भट्टीतेलापासून सुमारे १०,०००. म्हणजे एक टन तेल जवळजवळ तीन टन लाकडाचे काम करते. परंतु लाकडाची ज्योत लांब व मंद असते. तेलाची ज्योत आखूड आणि प्रखर. कापडगिरण्यांतून एकेकाळी सर्रास दिसणाऱ्या, १८४४ च्या मूळ आराखड्याच्या लँकेशायर बाष्पकात विस्तव दोन मोठ्या नळांच्या आतच पेटविला जातो. तेथे शेगडीच्या सळ्या काढून नळाच्या सुरुवातीच्या भागास तापसह विटांचे अस्तर द्यावे लागते. अन्यथा ज्योत थेट पत्र्यावर आदळून तो फुगण्याची भीती असते. बर्नरचा आकार बाष्पकाच्या नोंदलेल्या वाफक्षमतेनुसार ठरवावा. अधिक वाफेच्या हव्यासाने मोठा बर्नर बसविणे म्हणजे जुन्या पत्र्यावर अन्याय करणे होय.

भट्टीतेल दाट असते. त्याचे बारीक तुषार होण्यासाठी बर्नरपाशी ते सुमारे १०० ते १२० अंश सेल्सियसपर्यंत तापलेले असावे लागते. तेल थंड राहिल्यास तुषार जाड पडतात, काजळी साचते आणि धुराडे काळा धूर ओकू लागते. शिवाय तेलातील गंधकामुळे धुरातील वायू फार थंड झाल्यास आम्ल तयार होऊन धुराचे मार्ग कुरतडले जातात.

सर्वांत मोठा धोका पेटविण्याच्या क्षणी असतो. लाकडाचा विस्तव विझला तर वाफेचा दाब हळूहळू उतरतो. तेलाची ज्योत विझूनही पंप चालूच राहिला, तर भट्टीत तेलाची वाफ साठते आणि पुढील ठिणगीसरशी स्फोट होतो. म्हणून पेटविण्यापूर्वी पंख्याने भट्टी हवेने धुऊन काढावी. ज्योत विझताच तेल बंद करणारा प्रकाशसंवेदी नियंत्रक आणि पाणी घटताच ज्योत विझविणारी यंत्रणा, या दोन्ही बाबी अनिवार्य समजाव्यात. फायरमनच्या डोळ्यांवर विसंबण्याचे दिवस लाकडाबरोबरच संपतात.

बाष्पकात रचनात्मक फेरबदल करण्यापूर्वी मुख्य निरीक्षकाची लेखी मंजुरी घेण्याचे बंधन १९२३ च्या अधिनियमाच्या कलम १२ मध्ये होते. २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा अधिनियम संमत केला असून पूर्वमंजुरीचे तत्त्व त्यातही कायम आहे. अर्जासोबत बर्नरची क्षमता, अस्तराचा आराखडा व नियंत्रकांचा तपशील जोडल्यास तपासणी सुकर होते.

१९७३–७४ मध्ये खनिज तेलाच्या किमती जवळजवळ चौपट झाल्या, तेव्हा तेलावर गेलेले अनेक कारखानदार पुन्हा घन इंधनाकडे वळले. काढलेल्या सळ्या आणि शेगडीचे आराखडे त्यामुळे भंगारात न देता भांडारात नोंद करून ठेवलेले बरे.