आपण किती पाण्यात?

(द्वितीय वर्ष, कला)

"तुमचा गेम कसा आहे?" हा प्रश्न गेल्या जूनपासून मी रोज संध्याकाळी पाच-दहा वेळा तरी विचारत आलो आहे. आमच्या महाविद्यालयापासून जवळच एक पूल पार्लर आहे. तेथे सहा ते दहा या वेळेत मी काम करतो. टेबल पुसणे, चेंडू लावणे, वेळ लिहून ठेवणे आणि एकट्या आलेल्या गिऱ्हाइकाला साजेसा जोडीदार पाहून देणे, असे त्या कामाचे स्वरूप आहे. 'पुलावर काम मिळाले' असे मी फोनवर सांगितले, तेव्हा वडिलांना वाटले, मुलगा कॉलेज सोडून बांधकामावर लागला! म्हणून आधी खेळाची ओळख करून देतो.

पूल हा बिलियर्ड्स आणि स्नूकर यांच्या कुळातला खेळ. हिरव्या किंवा निळ्या कापडाचे टेबल, त्याला सहा पॉकेट्स, एक पांढरा चेंडू आणि आकडे घातलेले पंधरा रंगीत चेंडू. क्यू नावाच्या लांब काठीने फक्त पांढऱ्याला टोला द्यायचा आणि त्याच्याकरवी बाकीचे पॉकेटमध्ये घालायचे. 'एट-बॉल' या प्रकारात एकाकडे भरीव रंगाचे सात, तर दुसऱ्याकडे पट्ट्यांचे सात चेंडू येतात. आपले सात संपवून जो काळा आठ नंबर घालील तो जिंकला. या कुळाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. १९५८ साली हौशी बिलियर्ड्सचे जागतिक अजिंक्यपद मिळवणारे विल्सन जोन्स हे पुण्याचेच. पूल मात्र वाढला तो अमेरिकेत आणि आजच्या लेखाचा विषयही तिकडेच अधिक अभ्यासला गेला आहे. हौशी खेळाडू स्वतःची पातळी कशी ठरवतो आणि त्याचा अंदाज इतका का चुकतो, हा तो विषय.

माझ्या प्रश्नाला ठरावीक उत्तरे येतात. "मिडियम आहे." "बरा आहे." "प्रॅक्टिस सुटली आहे, नाहीतर..." 'मी वाईट खेळतो' असे सांगणारा गृहस्थ मला अद्याप भेटलेला नाही. हे लोक खोटे बोलतात असे मला आरंभी वाटे. आता तसे वाटत नाही. ते मनापासून बोलतात, आणि खरी अडचण तीच आहे.

अंदाज चुकण्याची तीन कारणे मला दिसतात. पहिले कारण स्मरणशक्तीचे. कोणी एखादा अवघड चेंडू लांबून घातला, की तो आठवडाभर त्याची गोष्ट सांगतो. त्याच संध्याकाळी हुकलेले वीस सोपे चेंडू त्याच्या लक्षातही राहत नाहीत. आपला सर्वांत चांगला दिवस म्हणजे आपला नेहमीचा दिवस, असे माणूस धरून चालतो. दुसरे कारण तुलनेचे. गल्लीतल्या चौघांत जो पहिला, तो स्वतःला पहिला समजतो. पण ते चौघे कोणत्या दर्जाचे आहेत, हे कोण सांगणार?

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. नवख्याला वाटते, चेंडू पॉकेटमध्ये घालणे म्हणजेच पूल. जाणकाराची नजर मात्र टोल्यानंतर पांढरा चेंडू कोठे जाऊन थांबतो यावर असते, कारण पुढचा टोला सोपा होणार की अवघड, हे त्यावर ठरते. याला खेळाडू 'पोझिशन' म्हणतात. आपला चेंडू जाण्यासारखा नसेल, तर प्रतिस्पर्ध्यालाही काही मिळू नये अशी मांडणी करून ठेवणे, ही 'सेफ्टी'. चांगला खेळाडू टेबलावर फारसा चमत्कार करताना दिसत नाही, कारण तो स्वतःवर अवघड टोला येऊच देत नाही. ज्याला पोझिशन ठाऊक नाही, त्याला आपली पोझिशन चुकली हे तरी कसे कळावे? खेळण्यासाठी जे ज्ञान लागते, तेच ज्ञान आपली चूक ओळखायलाही लागते.

हे केवळ माझे निरीक्षण नव्हे. जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. विनोदाची जाण, व्याकरण आणि तर्क यांच्या चाचण्या घेऊन त्यांनी प्रत्येकाला स्वतःचा अंदाज विचारला. तळाच्या चौथाई गटातील विद्यार्थी प्रत्यक्षात सरासरीने शंभरात फक्त १२ जणांच्या पुढे होते. त्यांचा स्वतःचा अंदाज मात्र ६२ जणांच्या पुढे असल्याचा होता. उलट, सर्वांत वरच्या गटाने स्वतःला थोडे कमीच लेखले. या फरकाचा काही भाग गणिताच्या रीतीमुळेच दिसतो, असा आक्षेप पुढे काही अभ्यासकांनी घेतला, हेही सांगायला हवे. तरी स्वतःला वर धरण्याची ही खोड इतरत्रही आढळली आहे. १९८१ साली ओला स्वेनसन यांनी मोटार चालवणाऱ्यांना आपापले कौशल्य विचारले, तेव्हा अमेरिकन गटातील ९३ टक्के लोकांनी स्वतःला वरच्या निम्म्या भागात बसवले. निम्म्या जागेत ९३ टक्के माणसे कशी मावणार?

मग पातळी ठरवायची कशी? अमेरिकेतील जुनी रीत अक्षरांची. उत्तम खेळाडू 'ए', त्याखालचा 'बी', मग 'सी' आणि 'डी'. ही अक्षरे लोक बहुधा ऐकीव माहितीवर लावत. त्यामुळे एका गावचा 'बी' दुसऱ्या गावी 'सी' ठरे.

१९८०च्या सुमारास स्थापन झालेल्या अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशनने आकड्यांची पद्धत रूढ केली. एट-बॉलमध्ये २ ते ७ आणि नाइन-बॉलमध्ये १ ते ९ अशा पातळ्या असतात. वरच्याला अधिक मजल गाठावी लागते. एट-बॉलमध्ये ७ पातळीचा खेळाडू २ पातळीच्या खेळाडूशी खेळला, तर पहिल्याला सात डाव जिंकावे लागतात, दुसऱ्याला दोनच. पातळी ठरवताना जिंकलेला डाव किती पाळ्यांत संपवला, हे मोजतात आणि मुद्दाम खेळलेल्या सेफ्टी वेगळ्या मांडतात. म्हणजे खेळाडू स्वतःविषयी काय म्हणतो याला किंमत नाही. शेजारी कागद घेऊन बसलेला माणूस काय लिहितो, याला आहे.

पण येथे एक गंमत होते. संघाच्या सामन्यात उतरणाऱ्या पाच जणांच्या पातळ्यांची बेरीज २३ पेक्षा अधिक चालत नाही. साहजिकच कमी आकड्याचा चांगला खेळाडू संघाला हवासा वाटतो. मग काही जण सोपे चेंडू मुद्दाम हुकवून आपला आकडा खाली ठेवतात. याला तिकडे 'सँडबॅगिंग' म्हणतात. एरवी 'मी भारी' म्हणणारा माणूस फायदा दिसताच 'मी कच्चा' म्हणू लागतो. यावरून मला वाटते, की ज्या आकड्याशी आपला मान किंवा आपला लाभ जोडलेला असेल, तो आकडा आपल्याच हाती ठेवू नये.

अलीकडची 'फार्गोरेट' ही पद्धत तर फक्त निकाल पाहते. तिचे बीज बुद्धिबळातील अर्पाड एलो यांच्या गुणांकनात आहे. जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० साली स्वीकारलेले गुणांकन ते हेच. फार्गोरेटमध्ये दोघांत १०० गुणांचे अंतर असेल, तर वरचा खेळाडू खालच्याच्या दुप्पट डाव जिंकेल अशी अपेक्षा असते. २०० चे अंतर असल्यास चौपट. जगातील अव्वल खेळाडू ८०० च्या पुढे आहेत. कोणी इकडून तिकडे खेळायला गेला, की त्याच्या निकालांमुळे दोन गावांचे आकडे एकमेकांशी जुळतात आणि जुन्या अक्षरांचा घोटाळा टळतो.

आमच्या पार्लरमध्ये यांपैकी काहीच नाही. पण एकट्याने करण्यासारखी एक परीक्षा आहे. तिला 'भुताशी खेळणे' म्हणतात. टेबलावर तीन चेंडू पसरून टाकायचे. पांढरा चेंडू हवा तेथे ठेवायचा. मग न हुकता तिन्ही चेंडू आकड्यांच्या क्रमाने घालायचे. घातले तर डाव आपला. एकही हुकला तर भुताचा, कारण भूत कधी हुकत नाही. तीन जमू लागले, की चार घ्यायचे, मग पाच. असे दहा डाव खेळून आकडा लिहून ठेवायचा.

मालकांच्या परवानगीने ऑगस्टमध्ये मी हे करून पाहिले. दोन महिने सगळ्यांचे खेळ पाहून माझी समजूत झाली होती, की आपण 'चांगल्यापैकी मिडियम' आहोत. दहापैकी किमान सात डाव माझे, असे मी मनाशी धरले. आले दोन! पुन्हा खेळलो. तीन आले. वहीत ते आकडे लिहिताना हात जड झाला, हे कबूल करतो.

तो जडपणा मला ओळखीचा होता. त्याच उन्हाळ्यात प्रथम वर्षाचा निकाल लागला आणि अर्थशास्त्राचा एक पेपर माझा राहिला. मी तर त्यात साठ गुण धरून चाललो होतो! गावच्या शाळेत पहिला येत असे, पुरवण्या लावून पाने भरली होती. आमच्या घरात कॉलेजात आलेला मीच पहिला. कॉलेजातले उत्तर कसे असते, हे सांगणारे घरी कोणी नव्हते आणि मीही कोणाला विचारले नाही. प्रश्न 'कारणे स्पष्ट करा' असा असे आणि मी व्याख्या पाठ लिहून येत असे. चेंडू जात होता, पण पोझिशन चुकत होती आणि ती चुकते हे मला कळत नव्हते.

दिवाळीपूर्वी मी वडिलांना एकदा विचारले, "दादा, तुम्ही दिवसाला किती ऊस तोडता?" आई आणि दादा हंगामात ऊसतोडीला जातात. त्यांनी क्षणभरही न थांबता टनांचा आकडा सांगितला. वर आई म्हणाली, "पण पाऊस झाल्यावर रान चिखलाचं असलं, तर तेवढा व्हत न्हाई." त्यांना आपला आकडा असा ठाऊक कसा? कारण तो रोज मोजला जातो, आणि काट्यावर दुसराच मोजतो. तेथे 'मिडियम' या शब्दाला थारा नाही.

मग मी अभ्यासातही भूत आणले. जुनी प्रश्नपत्रिका घ्यायची, घड्याळ लावून उत्तरे लिहायची आणि ती सरांना दाखवायची. पहिल्या उत्तरावर सरांनी दहापैकी तीन गुण दिले आणि शेजारी लिहिले, 'प्रश्न पुन्हा वाच.' तेही मी त्याच वहीत टिपून ठेवले.

वाचकहो, आपली पातळी कमी निघाली तर लाज वाटते हे खरे. पण त्या दोन-तीनच्या आकड्याने मला जेवढे शिकवले, तेवढे 'मिडियम'ने कधी शिकवले नसते. कोठे उभे आहोत हे कळल्याशिवाय पुढचे पाऊल कोठे टाकावे, हे कसे कळणार?

असो. ऑक्टोबरची परीक्षा देऊन आलो, त्या रात्री वहीत अपेक्षित गुण लिहून ठेवले: ४५. निकालात ४३ आले. विषय सुटला याचा आनंद झालाच, पण अंदाज फक्त दोन गुणांनी चुकला याचा आनंद अधिक झाला. भुताशी मात्र अजून सामना चालू आहे. गेल्या आठवड्यात तीन चेंडूंचे दहापैकी सहा डाव मी जिंकलो. आता मला कोणी विचारले, "तुझा गेम कसा आहे?" तर मी सांगतो, "तीन चेंडू, दहात सहा."