कीर्द आधी, खतावणी मागून

चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका लहानशा प्रेसशॉपच्या स्टोअरमध्ये टेबलावर दोन वस्तू शेजारी शेजारी असतात. एक कार्बन घातलेले चलनबुक आणि दुसरा जुना कॉम्प्युटर. माल बाहेर निघाला की चलन फाडायचे आणि मग तेच कॉम्प्युटरमध्ये नोंदवायचे. त्यासाठीचा छोटा प्रोग्राम मी जावास्क्रिप्टमध्ये लिहिला होता. चलन क्रमांक, पार्टीचे नाव, नग, वजन, गाडीचा नंबर, एवढाच त्याचा पसारा. सगळ्या नोंदी तो एकाच जेसन फाइलमध्ये ठेवायचा. जेसन म्हणजे नोटपॅडमध्येही वाचता येईल असा साधा मजकूर.

मे संपता संपता एका संध्याकाळी वळीव आला. जालना रोडकडून धुळीचे लोट उठले आणि लाइट गेली. यूपीएसची बॅटरी आधीच बसलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोअर सांभाळणाऱ्या काकांचा फोन आला, "ताई, चलनं दिसंनात. एकबी नाही." मी जाऊन पाहिले. फाइल जागेवर होती, नाव तेच होते, आकार मात्र शून्य बाइट.

आठ महिन्यांच्या नोंदी गेल्या होत्या. कार्बनच्या प्रती होत्या म्हणून दोन मुलांनी चार दिवस बसून त्या परत भरल्या. चूक लाइटची नव्हती, माझ्या प्रोग्रामची होती.

फाइल 'सेव्ह' करणे आपल्याला एकच काम वाटते, पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने ती चार-पाच कामे असतात. ब्राउझरच्या बाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडला 'ही फाइल लिही' असे सांगितले, की तो आधी जुनी फाइल रिकामी करतो आणि मग नवा मजकूर पहिल्या अक्षरापासून ओतू लागतो. जुने पुसलेले आहे आणि नवे अजून उतरलेले नाही, असा एक काळ मध्ये येतोच. त्यात भर म्हणजे प्रोग्रामच्या मते लिहून झालेला मजकूर ऑपरेटिंग सिस्टिम काही वेळ मेमरीतच धरून ठेवते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. धोक्याची खिडकी त्यामुळे वाटते त्याहून बरीच रुंद असते.

फाइल वाढत जाते तशी ही खिडकीही रुंदावते. रोजची ४० चलने आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर १२,००० नोंदी होतात. नोंदीला एक किलोबाइट धरला, तर वर्षअखेर फाइल १२ मेगाबाइटची होते, आणि एक नवे चलन चढवायला हे १२ मेगाबाइट पुसून पुन्हा लिहावे लागतात. एक ओळ वाढवायची म्हणून अख्खी वही फाडून नवी नकलून काढायची, तसे हे झाले.

यावर एक साधा उपाय आहे. नवा मजकूर शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहायचा, तो डिस्कवर उतरल्याची खात्री करायची आणि मगच तिला मूळ फाइलचे नाव द्यायचे. नाव बदलण्याचे काम अर्धवट होत नाही, त्यामुळे हाती एक तर जुनी पूर्ण फाइल राहते किंवा नवी पूर्ण. लोडीबीसारख्या छोट्या लायब्ऱ्याही वेगळी फाइल लिहून मग नाव बदलतात. शंभर-दोनशे नोंदींना हे पुरते. मोठ्या फाइलला मात्र वही नकलण्याचे कष्ट तसेच राहतात.

खरे उत्तर आपल्या जमाखर्चात केव्हापासूनच होते. व्यापारी आधी कीर्द लिहितो. दिवसभरातले व्यवहार ज्या क्रमाने झाले त्या क्रमाने, एकाखाली एक. कीर्दीत खाडाखोड चालत नाही, चुकले तर खाली उलटी नोंद करायची. मग निवांतपणे बसून कीर्दीवरून खतावणी तयार करायची, म्हणजे ज्याचे त्याचे खाते ज्याच्या त्याच्या पानावर. खतावणी लिहिताना दिवा विझला तरी बिघडत नाही. कीर्द शाबूत आहे, तिच्यावरून पान पुन्हा मांडता येते.

नेडीबी नावाचा जावास्क्रिप्टमधला छोटा डेटाबेस जवळपास निव्वळ कीर्दीवर चालतो. प्रत्येक नोंद म्हणजे फाइलच्या शेवटी जोडलेली एक ओळ. नोंद बदलली की नवी ओळ, काढून टाकली की 'ही नोंद रद्द' अशी आणखी एक ओळ. प्रोग्राम सुरू होताना सगळी फाइल वाचून तो मेमरीत खतावणी मांडतो आणि रद्द ओळी गाळून फाइल आवरून ठेवतो. कल्पना सुंदर आहे. पण सगळा डेटा मेमरीत मावायला हवा, आणि मूळ लेखकाने त्या डेटाबेसची देखभाल सोडलेली आहे. मी तो मार्ग घेतला नाही. मी एसक्यूलाइट या डेटाबेसकडे वळले.

एसक्यूलाइटचा जन्मही 'लाइट जाण्या'सारख्याच एका त्रासातून झाला. अमेरिकेतले डी. रिचर्ड हिप हे 'ऑस्कर ऑस्टिन' या क्षेपणास्त्रवाहू विनाशिकेसाठीच्या एका प्रोग्रामवर काम करत होते. माहिती एका वेगळ्या डेटाबेस सर्व्हरवर असायची. तो सर्व्हर बंद पडला, की 'डेटाबेसशी संपर्क होत नाही' असा संदेश हिप यांच्या प्रोग्रामच्या पडद्यावर झळकायचा आणि बोल त्यांना लागायचा. माहिती फक्त वाचायचीच आहे तर मध्ये सर्व्हर हवाच कशाला, या प्रश्नातून ऑगस्ट २००० मध्ये एसक्यूलाइटची पहिली आवृत्ती आली. तिच्यात वेगळा सर्व्हर नसतो, पासवर्ड नसतो, बसवण्याची खटपट नसते. प्रोग्रामच्याच पोटात बसणारी एक लायब्ररी आणि डिस्कवर एक फाइल. तिच्यावर कोणाचाही मालकी हक्क नाही, हिप आणि सहकाऱ्यांनी ती सगळ्यांसाठी मोकळी सोडली आहे. वाचकांच्या खिशातल्या अँड्रॉइड किंवा आयफोनमध्ये ती आत्ता चालू आहे, व्हॉट्सॲपचे संदेशही तिच्याच फाइलमध्ये साठतात. हिप यांनी स्वतःच म्हटले आहे की एसक्यूलाइटची स्पर्धा मोठ्या डेटाबेसशी नाहीच, ती साध्या फाइल उघडून लिहिण्याच्या सवयीशी आहे. म्हणजे नेमकी माझ्या सवयीशी.

तिची फाइल पानांची असते. एक पान बहुधा ४,०९६ बाइटचे. नवे चलन आले की मोजक्या पानांना हात लागतो, बाकीची वही तशीच मिटलेली. आणि लिहिण्याची रीत, विशेषतः 'वॉल' नावाने २०१० मध्ये आलेली, थेट कीर्द-खतावणीची आहे. बदललेली पाने आधी शेजारच्या वेगळ्या फाइलच्या शेवटी जोडली जातात, ती कीर्द. व्यवहार पूर्ण झाला की तिथेच 'पक्के' अशी खूण होते. कीर्दीत हजारेक पाने साठली, की ती मुख्य फाइलमध्ये आपापल्या जागी उतरवली जातात, ती खतावणी. कीर्दीतल्या प्रत्येक पानासोबत ताळ्याचा आकडा लिहिलेला असतो. लिहिता लिहिता लाइट गेली तर शेवटच्या पानाचा ताळा जुळत नाही किंवा पक्केपणाची खूण सापडत नाही. पुढच्या वेळी फाइल उघडताच तो तुकडा सोडून दिला जातो. कोणाला काही दुरुस्त करावे लागत नाही.

चलनाच्या बाबतीत याचा अर्थ फार मोलाचा आहे. एका चलनात तीन प्रकारचे नग असतील, तर तीन ओळी चढायला हव्यात आणि साठ्यातून तीन आकडे वजा व्हायला हवेत. ही सहा कामे एका व्यवहारात बांधली, की एक तर सहाही होतात किंवा एकही होत नाही. चलन आहे पण साठा कमी झालेला नाही, हा घोळ जन्मालाच येत नाही. माझ्या जेसन फाइलमध्ये हे मी कधी बांधूच शकले नव्हते.

पूर्वी नोडमध्ये एसक्यूलाइट वापरायला बाहेरची लायब्ररी घ्यावी लागे. जुलै २०२४ मध्ये आलेल्या २२.५ या आवृत्तीपासून नोड ती बरोबरच घेऊन येतो. चार ओळींत काम सुरू होते.

आपला डेटा मोठा आहे, असे आपल्याला उगाच वाटत असते. चिकलठाणा वेधशाळेचे कमाल-किमान तापमान रोज पेपरात छापून येते. पन्नास वर्षांचे ते आकडे एका फाइलमध्ये भरले तर सव्वाअठरा हजार ओळी होतील, आणि ती फाइल मोबाइलवर काढलेल्या एका फोटोपेक्षा लहान असेल. एका शेडच्या चलनांसाठी सर्व्हर मांडून बसणे मला आता पटत नाही.

मर्यादा आहेत, आणि त्या कडक आहेत. एका वेळी एकच जण लिहू शकतो. वाचणारे कितीही चालतील. एका स्टोअरला हे पुरते. पण हीच फाइल नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवून तीन कॉम्प्युटरवरून उघडायची, असे शेठनी विचारले तेव्हा मी ठाम नकार दिला. नेटवर्कवरून 'आता माझी पाळी, तुम्ही थांबा' हे कुलूप भरवशाने लागत नाही, आणि वॉलची रीत तर तिथे चालतच नाही. अशा वेळी एकाच कॉम्प्युटरवर प्रोग्राम चालवावा आणि बाकीच्यांनी ब्राउझरमधून त्याच्याशी बोलावे.

मराठीने मला आणखी तीन धडे दिले. 'चिकलठाणा' या शब्दात आपल्याला पाच अक्षरे दिसतात. जावास्क्रिप्ट ती आठ मोजते, कारण तिला वेलांटी आणि काना वेगळे दिसतात, आणि डिस्कवर तो शब्द २४ बाइट घेतो. हे सोसता येते. पहिला खरा धडा क्रमाचा. पार्ट्यांची यादी लावली तेव्हा काळे हे नाव काशीद आणि कासार यांच्या आधी आले, आणि काकांनी ते लगेच हेरले. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, युनिकोडमध्ये तो ल च्या शेजारी बसवलेला आहे, आणि एसक्यूलाइट निव्वळ आकडे पाहून क्रम लावते. क्रम लावण्याचे काम मी जावास्क्रिप्टकडे दिले, तिला मराठीची रीत सांगता येते. दुसरा धडा ऱ्ह चा. 'गोऱ्हे' हे नाव दोन कीबोर्डवरून दोन वेगळ्या प्रकारे टाइप होते, पडद्यावर सारखेच दिसते आणि डेटाबेसमध्ये मात्र दोन पार्ट्या होतात. नोंद करण्याआधीच दोन्ही रूपे एका रूपात आणावी लागतात.

तिसरा जास्त घातक होता. कोणी नगांच्या रकान्यात देवनागरीत '१२' टाइप केले, तर एसक्यूलाइट तो आकडा न मानता मजकूर म्हणून निमूटपणे ठेवून घेते आणि बेरीज करताना त्याला शून्य धरते. रकान्यात आकडाच हवा अशी सक्ती टेबल बनवताना करता येते. ही सोय २०२१ पासून आहे, आणि हा धडा मिळाल्यापासून ती मी कधी सोडलेली नाही.

सगळे बसवल्यावर मी काकांना म्हटले, आता परीक्षा घेऊ. एसक्यूलाइटचे लोक स्वतः लाइट जाण्याचे सोंग आणून हजारो वेळा ही परीक्षा घेतात, पण काकांना डोळ्यांनी दिसायला हवे होते. ते चलन भरायचे, सेव्हचे बटण दाबायचे आणि मी बोर्डातून वायर ओढायचे. कॉम्प्युटर चालू व्हायला दोन-तीन मिनिटे लागत, तोवर काका चलनबुकात त्या नंबरापुढे पेन्सिलने टिंब देऊन ठेवत. वीस-एक वेळा हे केले. कधी शेवटचे चलन पूर्ण उतरलेले सापडले, कधी मुळीच नव्हते. अर्धे एकदाही नाही. आधीची सगळी जागेवर.

"आन् पेनड्राइव्हचं काय?" काकांनी विचारले. ते दर शनिवारी फाइल पेनड्राइव्हवर घेतात. मी बघितले तर त्यांनी फक्त मुख्य फाइल उचलली होती, शेजारची कीर्द तिथेच राहिली होती. चालू प्रोग्रामची खतावणी कीर्दीशिवाय नेली, तर त्या दिवशीची पक्की झालेली चलनेसुद्धा तिच्यात नसतात. एसक्यूलाइटला 'सगळे मिळून एक नवी प्रत काढ' अशी आज्ञा देता येते. मी पडद्यावर 'शनिवारची प्रत' असे मोठे बटण केले. ते दाबले की दोन्ही एकत्र होऊन एकच फाइल पेनड्राइव्हवर उतरते, आणि शेवटच्या चलनाचा नंबर पडद्यावर येतो. काका तो चलनबुकातल्या शेवटच्या नंबराशी ताडून बघतात, मगच पेनड्राइव्ह काढून ड्रॉवरमध्ये ठेवतात.