सातव्या वर्षी घामाचा वास: मूल वयात येतंय का?

सहा-सात वर्षांची मुलगी संध्याकाळी खेळून घरी येते आणि आईला पहिल्यांदाच जाणवतं, की हिच्या घामाला आता मोठ्या माणसासारखा वास येतोय. अंगाला घाम आधीही यायचाच, पण असा वास नव्हता. मग घरात जी प्रश्नांची माळ सुरू होते ती आपल्याला पाठ आहे: एवढ्यात पाळी येईल का, उंची खुंटेल का, खाण्यात काही चुकलं का?

थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते असं: या वयात काखेला येणारा वास बहुतेक वेळा अ‍ॅड्रिनल ग्रंथी जाग्या झाल्याची खूण असतो, आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी जागी होणं म्हणजे वयात येणं नव्हे. आईवडिलांना एवढं पुरेल. पण तुम्ही संशोधनाची तयारी करताय, कोणी पेटचा अभ्यास करतंय, कोणी सिनॉप्सिस लिहितंय, म्हणून लांब उत्तर देतो. कारण या छोट्याशा घरगुती प्रश्नात एक मोठी पद्धतशास्त्रीय भानगड लपलेली आहे: जे मोजायचं ते थेट मोजता येत नाही तेव्हा आपण त्याच्या जागी दुसरंच काहीतरी मोजतो, आणि मग हळूहळू विसरून जातो की आपण दुसरंच काहीतरी मोजतोय.

आधी वास कुठून येतो ते बघू. आपल्या त्वचेत घामाच्या ग्रंथी मुख्यतः दोन प्रकारच्या. एक्राइन ग्रंथी अंगभर असतात आणि त्यांचा घाम म्हणजे बहुतांशी पाणी आणि मीठ. अपोक्राइन ग्रंथी काखेत, जांघेत, स्तनाग्रांभोवती अशा मोजक्या जागी असतात. त्या जन्मापासून असतात, पण लहानपणी जवळजवळ झोपलेल्या. अँड्रोजन गटातली हार्मोन्स वाढली की त्या काम सुरू करतात. गंमत म्हणजे त्यांचा स्रावही बाहेर येतो तेव्हा त्याला फारसा वास नसतो. काखेतले कोरिनेबॅक्टेरियम, स्टॅफिलोकॉकस होमिनिस असे जिवाणू त्यातले मोठे रेणू तोडतात आणि त्यातून बाष्पशील आम्लं आणि गंधकयुक्त संयुगं सुटतात. तो आपल्या ओळखीचा वास. म्हणजे ‘वास’ या एका निरीक्षणाच्या मागे किमान तीन कड्या आहेत: हार्मोन, ग्रंथी, जिवाणू. यातली एक जरी बदलली तरी वास बदलतो.

चौथी कडीही आहे, जनुकाची. एबीसीसी11 नावाचं जनुक अपोक्राइन पेशीतून वासाचा कच्चा माल बाहेर नेणारा वाहक बनवतं. या जनुकातल्या एकाच अक्षराच्या फरकाने कानातला मळ ओला की कोरडा ते ठरतं, हे 2006 साली जपानी संशोधकांनी दाखवलं. त्याच फरकामुळे काखेचा वास जवळजवळ नाहीसा होतो. पूर्व आशियात असे लोक बहुसंख्य आहेत. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या मोठ्या जन्म-समूह अभ्यासात असं प्रमाण फक्त 2 टक्क्यांच्या आसपास निघालं, आणि त्यातल्याही पाचातल्या जवळपास चार बायका नेमाने डिओडरंट वापरत होत्या! (जाहिरातींची ताकद या विषयावर कोणाला पीएचडी करायची असेल तर घ्या.) आपल्या कामाचा मुद्दा असा, की या गटातलं मूल वयात आलं तरी त्याला वास येणार नाही. आणि उलट बाजूने, पायमोजे आणि सिंथेटिक कपड्यांत घाम कोंडला की अपोक्राइनचा काही संबंध नसताना लहान मुलाच्या अंगालाही आंबूस वास येऊ शकतो. निर्देशक दोन्ही बाजूंनी गळका आहे.

दोन घड्याळं

आता मुख्य गोष्ट. ज्याला आपण ‘वयात येणं’ म्हणतो त्यात दोन वेगळी घड्याळं चालू होतात.

पहिलं अ‍ॅड्रिनलचं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथींच्या बाहेरच्या भागाचा सर्वांत आतला थर साधारण सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान वाढीला लागतो आणि डीएचईए व डीएचईएएस ही सौम्य अँड्रोजन्स बनवू लागतो. याला अ‍ॅड्रिनार्की म्हणतात. याची बाहेरून दिसणारी लक्षणं म्हणजे काखेला वास, तेलकट त्वचा, एखाददुसरी पुटकुळी आणि पुढे काखेत व जांघेत केस.

दुसरं घड्याळ मेंदूचं. हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच ठोक्याठोक्याने सुटतं, पिट्यूटरी जागी होते, ती अंडाशयांना किंवा वृषणांना कामाला लावते. याला गोनाडार्की म्हणतात. मुलींमध्ये याची पहिली खूण स्तनांची वाढ, मुलग्यांमध्ये वृषणांचा आकार 4 मिलिलिटरपर्यंत पोहोचणं. (तो मोजायला डॉक्टर ठरावीक आकाराच्या मण्यांची माळ वापरतात, प्रेडर यांची. शेजारी धरायची आणि कुठल्या मण्याशी जुळतं ते बघायचं. साधी आणि अजून वापरात असलेली युक्ती.) पाळी येणं, उंचीची झेप, हाडांची टोकं बंद होणं, हे सगळं मुख्यतः या दुसऱ्या घड्याळाचं काम.

वास पहिल्या घड्याळाचा, भीती दुसऱ्या घड्याळाची. घोटाळा इथेच होतो.

पण ही दोन घड्याळं खरंच वेगळी आहेत, की पहिल्याची किल्ली दुसऱ्याला लागते? क्रम बघितला तर वाटतं, आधी अ‍ॅड्रिनल, मग दोन-चार वर्षांनी मेंदू, म्हणजे पहिलं दुसऱ्याचं कारण असणार. ‘आधी घडलं म्हणून त्यामुळे घडलं’ हा मोह सगळ्यांना होतो. हे तपासायचं कसं? प्रयोग करता येत नाही. मुलांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढून बघता येत नाहीत, आणि उंदीर इथे उपयोगाचा नाही, कारण नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या उंदराच्या अ‍ॅड्रिनलमध्ये डीएचईए बनवायला लागणारं एन्झाइमच काम करत नाही. माणूस आणि चिंपांझीसारखे मोजके प्राणी सोडले तर अ‍ॅड्रिनार्की फारशी कुठे दिसत नाही. प्राण्यांचं मॉडेल निवडताना ‘सगळे वापरतात म्हणून’ उंदीर घेणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा.

याचं उत्तर शोधणारा 1980 चा एक पेपर मला फार आवडतो. स्क्लार, कॅप्लान आणि ग्रमबाख या सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी निसर्गानेच करून ठेवलेले प्रयोग वापरले. त्यांनी असे रुग्ण घेतले ज्यांच्यात एक घड्याळ बिघडलेलं आहे, आणि दुसरं कसं चालतंय ते डीएचईएएसची पातळी मोजून पाहिलं.

पहिला गट, सहा वर्षांच्या आत खरीखुरी अकाली वयात आलेली मुलं. मेंदूचं घड्याळ भलतंच पुढे. अ‍ॅड्रिनलचं? ते आपल्या वयाप्रमाणेच, मागेच. म्हणजे अ‍ॅड्रिनल जागी न होताही माणूस वयात येऊ शकतो. दुसरा गट, ज्यांच्या अंडाशयांची घडणच झालेली नाही अशा मुली. त्यांच्यात गोनाडार्की नाही, पण अ‍ॅड्रिनार्की झालेली. ज्यांच्या पिट्यूटरीकडून अंडाशयांना वा वृषणांना संदेशच जात नाही त्या रुग्णांतही तसंच. दोन्ही दिशांनी सुटेपण दाखवलं की दोन यंत्रणा वेगळ्या आहेत हा निष्कर्ष भक्कम होतो. एकाच दिशेने दाखवलं असतं तर नसता झाला. हा तर्क आपल्या विषयात कुठे लावता येईल ते शोधून बघा.

पण त्याच पेपरात एक चौथा गट होता, नुसतेच उशिरा वाढणारे, बाकी निरोगी. त्यांच्यात दोन्ही घड्याळं उशिरा चालत होती. म्हणजे घड्याळं वेगळी असली तरी ती एकाच घरात टांगलेली आहेत. शरीराची एकूण वाढ, पोषण, वजन यांचा परिणाम दोघांवर होऊ शकतो. जास्त वजनाच्या मुलांत दोन्ही लवकर सुरू होण्याकडे कल दिसतो. त्यामुळे वास आणि पाळीचं वय यांत सहसंबंध सापडला तरी एकाने दुसरं घडवलं असं म्हणता येणार नाही.

मोजणारा कुठे बघत होता?

आता हाच घोटाळा मोठ्या प्रमाणावर. 1997 साली मार्सिया हर्मन-गिडन्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या दवाखान्यांत तपासलेल्या 3 ते 12 वर्षांच्या 17,077 मुलींचा अभ्यास छापला. स्तनांची वाढ सुरू होण्याचं सरासरी वय गोऱ्या मुलींत 9.96 आणि आफ्रिकन-अमेरिकन मुलींत 8.87 वर्षं निघालं, त्या काळच्या पाठ्यपुस्तकांपेक्षा बरंच कमी. खळबळ उडाली. लगेच दोन वर्षांनी तिथल्या बालहार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने ‘अकाली’ची व्याख्याच खाली आणण्याची शिफारस केली: गोऱ्या मुलींसाठी 7 आणि काळ्या मुलींसाठी 6 वर्षं.

टीकाही तेवढीच झाली. अनेक मुलींची तपासणी फक्त नजरेने झालेली. चरबी आणि स्तनाची गाठ यांतला फरक हाताने चाचपल्याशिवाय नीट कळत नाही. दवाखान्यात आलेल्या मुली म्हणजे सगळ्या मुली नव्हेत. आणि ‘स्तन किंवा केस, काहीही एक’ असा निकष घेतला की दोन्ही घड्याळं एका रकान्यात पडतात. माझ्या मते शेवटची हरकत सर्वांत गंभीर आहे, कारण पहिल्या दोन सॅम्पल आणि प्रशिक्षणाने सुधारता येतात, तिसरी संकल्पनेतच आहे.

कोपनहेगनच्या अभ्यासाने हे जास्त नीट केलं. 1991-93 आणि 2006-08 अशा दोन फेऱ्या, एकाच शहरात. स्तनवाढीचं सरासरी वय 10.88 वरून 9.86 वर आलं, म्हणजे वर्षभराने. पहिल्या पाळीचं वय मात्र 13.42 वरून 13.13, जेमतेम साडेतीन महिन्यांनी. सुरुवात पुढे सरकली, शेवट तेवढा नाही. ‘आजकाल मुली लवकर वयात येतात’ हे वाक्य खरं की खोटं, हे कुठली खूण मोजता यावर ठरतं.

घरातल्या प्रश्नाला याचा उपयोग काय? खूप. केवळ वास आणि दोन-चार केस असलेल्या मुलीला मेंदूचं घड्याळ थांबवणारी जीएनआरएच गटाची इंजेक्शनं देऊन काही साधत नाही, कारण ते घड्याळ चालूच झालेलं नसतं. अर्थात मुलीत 8 आणि मुलग्यात 9 वर्षांच्या आत केस, पुटकुळ्या किंवा उंचीची झेप दिसली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. डॉक्टर वाढीचा तक्ता बघतात, गरज पडल्यास डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय आणि रक्तातली हार्मोन्स तपासतात, कारण क्वचित त्यामागे अ‍ॅड्रिनलचा जन्मजात दोष किंवा गाठ असू शकते. कधीकधी कारण अगदीच अनपेक्षित असतं: घरातला पुरुष अंगाला लावत असलेलं टेस्टोस्टेरॉन जेल मुलाच्या त्वचेला लागत राहतं.

वासाचाच अभ्यास

इतकं झाल्यावर कोणी विचारेल, मग वासच नीट मोजला तर? जर्मनीत एर्लांगेनच्या गटाने 2024 मध्ये तेच केलं. 0 ते 3 वर्षांची 18 बाळं आणि 14 ते 18 वर्षांची 18 मुलं. रात्री घालायच्या कपड्यांच्या काखेत कापसाच्या चकत्या शिवल्या, सकाळी त्या घेऊन रासायनिक विश्लेषण केलं, आणि यंत्राबरोबरच प्रशिक्षित नाकांनी एकेक संयुग हुंगलं. दोन्ही गटांत बरीच संयुगं सारखीच निघाली. फरक प्रमाणाचा: मोठ्यांत काही आम्लं जास्त, आणि दोन वासाळ स्टेरॉइड्स फक्त त्यांच्याकडेच सापडली.

पेपर सुंदर आहे. पण वयाचे रकाने परत बघा. 3 नंतर थेट 14. आपली सात वर्षांची मुलगी या अभ्यासात कुठेच नाही, आणि अ‍ॅड्रिनार्की नेमकी त्या मधल्या पोकळीत घडते. लेखकांची ही चूक नाही. दोन टोकं घेतली की फरक स्पष्ट दिसतो, पहिल्या अभ्यासाला तेच शहाणपणाचं. पण मोठ्यांच्या वासातला किती भाग अ‍ॅड्रिनलचा आणि किती अंडाशय-वृषणांचा, हे या मांडणीतून सुटत नाही.

ते सोडवायचं तर पाच ते दहा वयाची तीच मुलं दर सहा महिन्यांनी तपासावी लागतील: काखेतली चकती, डीएचईएएससाठी रक्त, जिवाणूंसाठी फाया, एबीसीसी11 साठी एकदा थुंकी, आणि स्तन व केस यांची नोंद वेगवेगळ्या रकान्यांत. खर्च फार नाही, चिकाटी लागेल. खरी अडचण एथिक्स कमिटीसमोर येईल. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबर 7 ते 12 वर्षांच्या मुलाची स्वतःची तोंडी तयारीही घ्यावी लागते. म्हणजे सात वर्षांच्या मुलीला तिच्या भाषेत सांगायचं, की आम्हाला तुझ्या काखेचा वास अभ्यासायचा आहे, आणि हे सांगताना आपल्या अंगाला वास येतो ही लाज तिला पहिल्यांदा आपल्याकडूनच कळता कामा नये. त्या माहितीपत्रकातली पहिली चार वाक्यं लिहून बघा आणि खाली कमेंटमध्ये टाका.