उशीर करवणारं रसायन

संपादकांना समुद्राखालच्या वायुवाहिन्यांवर लेख हवा होता. त्यासाठी एका प्रयोगशाळेत पोचल्यावर मी मात्र एका डुलणाऱ्या यंत्रापाशीच रेंगाळलो. थंड पाण्याच्या टाकीत पोलादी नळकांडी आडवी बसवलेली. प्रत्येकात थोडं पाणी, दाबानं भरलेला वायू, चाचणीचं रसायन आणि एक गोळी. नळकांडी पाळण्यासारखी डुलतात, गोळी या टोकाकडून त्या टोकाकडे घरंगळते. आत हायड्रेट धरू लागलं की दाब उतरतो, गोळी रेंगाळते आणि शेवटी अडकते. याला ‘रॉकिंग सेल’ म्हणतात.

हायड्रेट म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात कोंडलेला वायू. दिसायला बर्फच, पण सुमारे ४० बार दाबाला मिथेनचं हायड्रेट ४ अंश सेल्सिअसलाही बनतं. वायुवाहिन्या यानंच तुंबतात, हे अमेरिकेत हॅमरश्मिट यांनी १९३४ साली दाखवलं. २०१० साली मेक्सिकोच्या आखातातल्या तेलगळतीवर उतरवलेला पोलादी घुमटही हायड्रेटनंच चोंदला. आपल्या मुंबई हायचं पाणी उथळ आणि उबदार, म्हणून तिथे हे नाव फारसं ऐकू येत नाही.

जुना उपाय मिथेनॉल किंवा ग्लायकॉल मिसळण्याचा. त्यानं हायड्रेट बनण्याचं तापमानच खाली जातं, पण ते लागतं भरपूर. नॉर्वेच्या ऑर्मेन लांगे क्षेत्रात किनारा सुमारे १२० किलोमीटर दूर. तिथे ग्लायकॉल विहिरींपर्यंत पोचवायला वेगळे नळ टाकावे लागले. पॉलिव्हिनाइलकॅप्रोलॅक्टमसारखे पॉलिमर मात्र पाण्याच्या एक-दोन टक्के पुरतात. ते हायड्रेट कायमचं रोखत नाहीत, धरायला उशीर करवतात. वायू किनाऱ्याला लागेपर्यंत तेवढा उशीर पुरला की झालं. मला हा विचार फार धूर्त वाटला. पण थंडी जास्त असली तर पॉलिमर हात टेकतो. म्हणून जोडी लावायची: थोडं ग्लायकॉल थंडीचा जोर कमी करतं, उरलेला जोर पॉलिमर सांभाळतो. तिसऱ्या जातीची रसायनं हायड्रेट होऊ देतात, फक्त त्याचे कण एकमेकांना चिकटू देत नाहीत. त्यांना बहुधा सोबत तेल लागतं.

कागदावर हे छान जुळतं. प्रत्यक्षात नळ गंजू नये म्हणून घातलेलं रसायन पॉलिमरचं काम बिघडवू शकतं, त्यामुळे सगळ्यांची एकत्र चाचणी घ्यावी लागते. त्यातही तेच मिश्रण एका नळकांड्यात काही तासांत हरतं, शेजारच्यात रात्रभर टिकतं. हायड्रेटचा पहिला कण केव्हा जन्मेल हे नशिबावर असतं. शिवाय एकदा हायड्रेट होऊन वितळलेलं पाणी पुन्हा लवकर धरतं. नीट तापवून घेतल्याशिवाय त्यावर दुसरी चाचणी घेण्यात अर्थ नाही. “एका आकड्यावर आम्ही विश्वास ठेवत नाही,” असं तिथल्या संशोधक बाई म्हणाल्या.

पुढची अडचण किनाऱ्यावरची. ग्लायकॉल परत वापरायचं तर पाणी उकळून काढावं लागतं, आणि तापल्यावर अनेक पॉलिमर द्रावणातून वेगळे होऊन चिकट थरासारखे यंत्रात बसतात. उत्तर समुद्रात आणखी एक अट: रसायन निसर्गात विघटन पावणारं हवं. नेमके टिकाऊ पॉलिमर त्यात मागे पडतात, आणि सहज विघटन पावणारे बरेचदा थंडीपुढे कमी टिकतात. त्यामुळे पैसा वाचवणारं मिश्रण हाताशी असूनही काही ठिकाणी अजून निव्वळ ग्लायकॉलच ओतलं जातं.